भिंगरीचं ‘नाही’

सुईमावशींना मुलांच्या तोंडचं ‘नाही’ फार आवडायचं. ऐकायला विचित्र वाटेल, कारण मुलांकडून ‘हो’ मिळवणं हीच तर त्यांची नोकरी होती. मोठ्या इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, कॅन्सर झालेल्या मुलांच्या विभागात, त्या संशोधनाचं काम पाहणाऱ्या नर्स होत्या. आजारी मुलांकडे बघायला दुसऱ्या सिस्टर होत्या. सुईमावशींच्या वाट्याला यायची ती त्या मुलांची ठणठणीत भावंडं. भावंडाचं रक्त घ्यायचं, आजारी मुलाचं रक्त घ्यायचं, दोन्ही शेजारी ठेवून फरक शोधायचा, म्हणजे पुढे कधीतरी हा आजार आधीच ओळखता येईल, असं ते संशोधन. पुढे कधीतरी म्हणजे नक्की कधी, हे मोठ्या डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं.

आता ज्या पोराला काहीही झालेलं नाही त्याच्या हातात सुई टोचायची, आणि त्यातून त्याच्या पदरात काय पडणार, तर एक चिकटपट्टी आणि दोन बिस्किटं. म्हणून नियम कडक होते. आईबापांची सही तर हवीच, पण सात वर्षांच्या वरच्या मुलाला वेगळं विचारायचं, दर वेळी विचारायचं, आणि मूल नको म्हणालं की सुई बाजूला ठेवायची. बहुतेक ठिकाणी हा नियम कागदावरच नांदतो. सुईमावशींनी तो पोटच्या लेकरासारखा जपला होता. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात, चार जणांनी दाबून धरलेली आणि किंचाळून निळी पडलेली पोरं त्यांनी स्वतः पाहिली होती. धरणाऱ्या चौघांत एक त्याही होत्या. ते आवाज त्यांच्या कानातून कधी गेले नाहीत.

म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने एक कागद तयार केला होता. त्यावर दोन गोल चेहरे. एक हसरा, त्याच्याखाली ‘हो’. एक तोंड फिरवून बसलेला, त्याच्याखाली ‘नाही’. मुलाने हवा तो चेहरा रंगवायचा. शेजारी रंगीत खडू. रंगवायच्या आधी सुईमावशी सगळं समजावून सांगायच्या, आणि मग दर वेळी, न चुकता, एक वाक्य म्हणायच्या: “आणि हे बघ राजा, नाही म्हटलंस तरी चालतं. नाही म्हटल्याने काही म्हणजे काही होत नाही.” मग विचारायच्या, “समजलं ना?” मूल मान हलवायचं. कागदाच्या तळाशी एक चौकोन होता, ‘मुलाला समजले आहे’. त्यात त्या बरोबरची खूण करायच्या. तपासणीला आलेल्या मंडळींनी तो कागद हातात घेऊन कौतुक केलं होतं. दुसऱ्या इस्पितळांना दाखवायला म्हणून त्याच्या प्रती मागून नेल्या होत्या. सुईमावशींना त्याचा अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नव्हत्या. नव्या पोरी कामाला लागल्या की त्यांना तासभर तरी त्या कागदाचं पुराण ऐकावं लागायचं.

भिंगरी त्यांच्याकडे आली तेव्हा आठ वर्षांची होती. हे नाव तिला तिच्या दादाने ठेवलेलं, कारण ती एका जागी म्हणून उभी राहत नसे. दादा अकरा वर्षांचा. त्याच्या मांडीच्या हाडात आजार निघाला होता. वडील बोटीवर नोकरीला, वर्षातून दोनदा घरी. आई एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखात्यात चादरी आणि टॉवेल धुऊन इस्त्री करायची. दर तीन आठवड्यांनी सुट्टी काढून ती दोन्ही मुलांना घेऊन यायची. बाई अबोल होती. सह्या करायच्या दिवशी सुईमावशींनी तिला चौदा पानं शब्दन् शब्द वाचून दाखवली होती. तिने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. “समजलं ना, ताई?” विचारल्यावर तिने मान हलवली आणि चौदाही पानांवर सही केली. पुढ्यात मुलगा पलंगावर पडलेला असताना कोणती आई चौदाव्या पानावरचा प्रश्न विचारत बसेल, हे त्या वेळी कुणाच्या मनात आलं नाही.

त्या विभागाची रचना जरा आडवीतिडवी होती. आधी बाहेरची खोली, तिथे सुईमावशींचं टेबल. तिच्या मागच्या दाराला मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर काचेची एक चौकट होती, आणि दारापलीकडे पलंगांची खोली. त्याच्याही पलीकडे, एकाच बोळात, प्रयोगशाळा आणि औषधं बनवायची खोली. सुईमावशींची कामाची पद्धत ठरलेली होती. आधी भावंडाचं रक्त, म्हणजे त्याची धाकधूक लवकर संपते. ते घेतलं की नळी स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवून त्या स्वतः मागच्या दाराने पलंगांच्या खोलीतून बोळात जायच्या. जाता जाता ‘मुलगा आलाय’ म्हणून औषधवाल्यांना निरोप द्यायच्या. अर्ध्या-पाऊण तासाने त्याच बोळातून दुसरी सिस्टर दादाची पिशवी घेऊन यायची आणि पलंगाशेजारच्या खांबाला अडकवायची. दादाचं औषध लाल होतं. चांगलं लालभडक. त्या औषधाचा रंगच तसा असतो.

सात वेळा भिंगरीने हसरा चेहरा रंगवला. सात वेळा हात पुढे केला, ओठ दाताखाली धरले, पण रडली नाही. रक्त देऊन झालं की ही एरवी क्षणभर न टिकणारी पोरगी काचेला नाक लावून उभी राहायची. लाल पिशवी खांबाला लागली, नळीतून लाल धार दादाच्या हातापर्यंत पोहोचली, की मग वळायची आणि बिस्किटं खायची. आई तिच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि म्हणायची, “तू आहेस म्हणून दादा आहे गं माझी बाय.” सुईमावशींना हे पाहून भरून यायचं. किती माया एकमेकांवर, असं त्या नव्या पोरींना सांगायच्या.

आठव्या वेळी भिंगरीने खडू उचलला आणि तोंड फिरवलेला चेहरा रंगवला.

“आज नाही?” सुईमावशींनी विचारलं.

“आज नको,” भिंगरी म्हणाली. “मागच्या वेळी हात खूप काळानिळा झाला होता. आठवडाभर दुखत होता. आज नको ना. पुढच्या वेळी देते.” मग त्यांच्याकडे बघून तिने विचारलं, “चालतं ना?”

“चालतं म्हणजे? धावतं!” सुईमावशी म्हणाल्या आणि सुई झाकून ठेवली.

आईचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. ती पुढे आली, मुलीसमोर खाली बसली. “असं करू नकोस गं. एवढ्या वेळी दे. मी हवं तर तुझा हात धरते. थोडंसंच दे.” मग सुईमावशींकडे वळून तिने चक्क हात जोडले. “सिस्टर, लहान आहे ती, तिला काय कळतंय? तुम्ही घ्या. मी सांगते, घ्या.”

सुईमावशींना असे आईबाप नवे नव्हते. डॉक्टर नाराज होतील या भीतीने पोरांना पुढे ढकलणारे त्यांनी रग्गड पाहिले होते. त्या ताठ उभ्या राहिल्या. “ताई, पोरीवर जबरदस्ती चालायची नाही. ती नाही म्हणाली, विषय संपला. डॉक्टर तुम्हाला काही बोलणार नाहीत, मी आहे.” आई काहीतरी बोलू पाहत होती, पण सुईमावशींचा आवाज असा काही चढला होता की तिचे शब्द घशातच राहिले. ती भिंतीशी जाऊन बसली.

मोठ्या डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. “सलग मालिका होती, सिस्टर. आठवा नमुना गेला म्हणजे एकतीस नंबर अर्धवट राहिला.”

“राहू दे अर्धवट,” सुईमावशी म्हणाल्या. “नंबर अर्धवट राहिलेला चालतो. पोरगी राहता कामा नये.”

हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं की दुपारच्या चहाला त्यांनी ते दोनदा सांगितलं. त्या दिवशी भिंगरी काचेशी नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी होती, बिस्किटांना तिने हात लावला नव्हता, हेही त्यांनी पाहिलं होतं. आई रागावलीय, म्हणून पोरगी हिरमुसलीय, असा त्यांनी हिशेब लावला आणि तिच्या खिशात बिस्किटांचा अख्खा पुडा कोंबला.

त्यानंतर पाचव्या दिवशी दादाला ताप भरला. अशा औषधांनंतर भरतो. अंगातली रोगाशी लढायची ताकद उतरते, आणि एरवी शिंकेवर भागणारा जंतू अशा मुलाला आडवा करतो. त्याला पाचव्या मजल्यावर अतिदक्षता विभागात हलवलं. आई आणि भिंगरी नातेवाइकांच्या खोलीत राहायला आल्या. सुईमावशींनी ऐकलं, हळहळल्या, आणि कामाला लागल्या. सातव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास त्या बाहेरच्या खोलीत खडूंना टोक काढत बसल्या होत्या, तेव्हा दार ढकलून भिंगरी एकटीच आत आली.

ती पाय न वाजवता चालत होती. दोन्ही हातांत काहीतरी धरलं होतं आणि त्यावर रुमाल टाकला होता. टेबलापाशी येऊन तिने ते हळूच ठेवलं आणि रुमाल उचलला. औषधाच्या बाटलीचं माप होतं ते, प्लॅस्टिकचं, रेघा मारलेलं टोपण. तळाला लाल काहीतरी होतं. कडेला सुकून तपकिरी झालं होतं.

“हे दादाला लावा,” भिंगरी म्हणाली.

सुईमावशींना आधी कळेचना. मग त्यांचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. डाव्या हाताच्या तीन बोटांना कापडाच्या चिंध्या गुंडाळलेल्या होत्या, आणि तिन्ही चिंध्यांवर डाग होते.

“हे काय केलंस?”

“पिनने काढलं. आईच्या पर्समधल्या. तुम्ही काढता तेवढं नाही निघालं. खूप दाबलं पण पहिल्या रेघेपर्यंतपण नाही आलं.” ती एका दमात बोलत होती. पाठ करून आली असावी. “पण आत्तापुरतं एवढं लावा. बाकीचं तुम्ही मोठ्या सुईने काढा. दोन वेळचं काढा. आता मी नाही म्हणणार नाही.”

सुईमावशींच्या हातातला खडू गळून पडला. त्यांनी टेबलाची कड धरली.

“भिंगरी, तुझं रक्त... दादाला लावतात असं तुला कुणी सांगितलं?”

पोरीने त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू मोठ्या माणसाने अगदीच खुळा प्रश्न विचारलाय. “लावतातच ना. मी बघते की काचेतून. तुम्ही माझं घेऊन आत जाता, मग सिस्टर ते पिशवीत भरून आणतात आणि दादाला लावतात. सात वेळा लावलं. त्या दिवशी मी दिलं नाही, म्हणून त्यांनी नुसतं पाणी लावलं.” तिची हनुवटी थरथरली. “आणि मग दादाला ताप आला.”

त्या दिवशी दादाच्या खांबाला पाण्यासारखी पिशवी होती, हे खरं होतं. लाल औषध एका मर्यादेपलीकडे देत नाहीत, हृदयाला झेपत नाही. दादाची मर्यादा सात पिशव्यांना संपली होती. आठवीपासून दुसरं औषध सुरू झालं, आणि त्याला रंग नव्हता. हे महिन्यापूर्वीच ठरलं होतं, दादाच्या फायलीत लिहिलेलं होतं, विभागातल्या झाडूवाल्यालाही ठाऊक असेल. पलीकडे उभ्या असलेल्या आठ वर्षांच्या मुलीला ते सांगण्याचं काम कुणाचंच नव्हतं.

“तुम्हीच म्हणाला होतात,” भिंगरी म्हणाली, “नाही म्हटलं तरी काही होत नाही.”

ती चिडून म्हणाली असती तर सोसलं असतं. ती नुसतं विचारत होती, तुम्ही असं का म्हणालात म्हणून. सुईमावशींना वाटलं, कुणीतरी फाडकन मुस्काटात मारावी तसं झालंय, आणि ते अगदी योग्य झालंय. सात दिवस ही पोरगी भावाला आपण मारतोय असं समजून जगत होती. आणि त्या? त्या चहाला बसून स्वतःची वाक्यं मिरवत होत्या!

त्यांनी तिला उचलून खुर्चीवर बसवलं, चिंध्या सोडल्या, बोटं धुतली, औषध लावलं. टोचल्याच्या खुणा मोजल्या. अकरा होत्या. पट्ट्या बांधता बांधता त्यांनी सांगायला सुरुवात केली. लाल होतं ते औषध. तुझं रक्त वेगळं. ते दादाला कधीच गेलं नाही. नवं औषध पाण्यासारखं दिसतं, पण ते औषधच आहे. ताप वेगळ्या कारणाने आला. भिंगरी ऐकत होती आणि मान हलवत होती. तीच मान. तीच, जिच्यावर विसंबून त्यांनी सात वेळा चौकोनात खूण केली होती. सुईमावशी बोलता बोलता थांबल्या.

“तुला पटलं का मी सांगितलेलं?”

“नाही,” भिंगरी हळूच म्हणाली. “मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही खोटं सांगताय.”

सुईमावशी उठल्या. गुडघे कुरकुरत होते, तरी मागच्या दाराशी जाऊन खाली वाकल्या आणि काचेच्या चौकटीला डोळे लावले. इतकी वर्षं त्या या दारातून जा-ये करत होत्या, पण काचेतून त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. तिथून पलंग दिसत होता, खांब दिसत होता आणि बोळाचं तोंड दिसत होतं. बोळात पुढे दोन दारं आहेत, एक प्रयोगशाळेचं आणि एक औषधाचं, हे तिथून दिसत नव्हतं. तिथून एवढंच दिसत होतं की लाल घेऊन एक बाई आत जाते आणि लाल घेऊन एक बाई बाहेर येते. आठ वर्षांची काय, साठ वर्षांची बाईसुद्धा दुसरं काय समजली असती?

“चल,” त्या म्हणाल्या. “रक्त कुठे आहे ते दाखवते.”

प्रयोगशाळेतला माणूस दारातच आडवा आला. मुलांना आत मनाई आहे, म्हणाला. सुईमावशींनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि तो बाजूला झाला. कपाटाएवढा फ्रीजर होता. दार उघडल्यावर थंड वाफेचा लोट आला आणि भिंगरी दोन पावलं मागे सरली. जाड हातमोजे घालून सुईमावशींनी एक खोका बाहेर काढला, बर्फ पुसला. आत छोट्या छोट्या नळ्या ओळीने उभ्या होत्या. भिंगरीला आपला नंबर पाठ होता, दर वेळी चेहऱ्यांच्या कागदावर तोच लिहिलेला असायचा. तिने बोटाने हवेतच मोजलं. एकतीसच्या सात नळ्या. आतलं रक्त गोठून काळपट झालेलं.

“हे सगळं माझं?”

“सगळं तुझं.”

“यातलं दादाला थोडंपण नाही दिलं?”

“एक थेंबही नाही. अजून कुणी ते उघडूनही पाहिलेलं नाही. सगळ्या मुलांचं जमा झालं की मग तपासणार.”

हे बोलताना सुईमावशींनाच कसंतरी झालं. सात वेळा ओठ दाताखाली धरून दिलेलं ते इथे झोपून होतं. भिंगरीची नजर खोक्यावरच होती. मग तिने विचारलं, “मग मी नाही म्हणाले त्याने दादाला ताप नाही आला?”

“नाही.”

“आणि सात वेळा हो म्हणाले, त्याने बरंपण नाही वाटलं त्याला?”

इथे गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. तीस वर्षांत मुलांशी गोड बोलण्यात सुईमावशींचा हात कुणी धरला नव्हता. “नाही बाळा,” त्या म्हणाल्या. “त्यानेही नाही.”

तेव्हा भिंगरी रडली. इतक्या दिवसांचं साचलेलं रडली, सुईमावशींच्या पोटात डोकं खुपसून. प्रयोगशाळेतला माणूस भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभा राहिला. रडणं ओसरल्यावर सुईमावशींनी तिचं नाक पुसलं आणि नोकरीत पहिल्यांदाच ‘समजलं ना?’ असं न विचारता म्हणाल्या, “आता तू मला सांग. रक्त कुठे जातं, दादाला काय देतात, ताप कशाने आला. मला काहीच ठाऊक नाही असं समज.” भिंगरीने हुंदके देत देत सगळं सांगितलं. एका जागी अडखळली, पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं. बरोबर सांगितलं. या कामाला मोजून दहा मिनिटं लागली होती. सुईमावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता आईला भेटायला हवं होतं. लेकीच्या डोक्यात काय भलतंच बसलं होतं ते सांगायचं, बोटं दाखवायची, आणि माझं चुकलं म्हणून माफी मागायची. सुईमावशींनी भिंगरीचा उजवा हात धरला आणि दोघी जिन्याने पाचव्या मजल्यावर गेल्या. काय बोलायचं ते त्यांनी जिन्यातच जुळवून ठेवलं होतं. पोरगी लहान आहे, ताई, लहान मुलं जे दिसतं त्यावरून काहीही जुळवतात, चूक तिची नाही, माझी आहे.

आई अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसली होती. त्यांना येताना पाहून ती ताडकन उठली. सात दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर रंग होता. ती जवळजवळ धावतच आली आणि तिने सुईमावशींचे दोन्ही हात पकडले.

“उतरला हो सिस्टर, ताप उतरला! आत्ताच डॉक्टर सांगून गेले, धोका टळतोय म्हणाले. मला वाटलंच. घड्याळ बघत होते मी.” तिला धाप लागली होती. “चढवलंत ना तिचं? एवढंसं होतं, पण लागू पडलं बघा!”

सुईमावशींचं जिन्यात जुळवलेलं सगळं भाषण कुठल्या कुठे गेलं. त्या बाईच्या डोळ्यांकडे पाहत राहिल्या. हात जोडून विनवणारी ती आई, भिंतीशी जाऊन बसलेली ती आई, डॉक्टरांच्या नाराजीला घाबरलेली नव्हतीच. तिच्यासमोर तिच्या मुलाचं औषध झाकून ठेवलं जात होतं, आणि झाकणारी बाई तिला वर दरडावत होती.

“ताई,” शेवटी त्या कशाबशा म्हणाल्या, “तिचं रक्त त्याला नाही चढवत. आज नाही. कधीच नाही चढवलं. ते तपासायला असतं. त्या कागदांवर... मी वाचून दाखवलं होतं.”

“नाही चढवत?”

“नाही.”

आईने त्यांचे हात सोडले. ती मागे सरकत सरकत बाकापर्यंत गेली आणि बसली. नजर भिंगरीच्या पट्ट्या बांधलेल्या बोटांवर होती.

“सकाळी ती बाथरूममध्ये टोचत होती,” ती म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. “दार उघडं होतं. मी बघितलं. एका बोटातून येईना म्हणून तिने दुसरं बोट घेतलं. मग तिसरं. डोळ्यांतून पाणी चाललं होतं तिच्या.” ती थांबली. “मी तिथेच उभी होते, सिस्टर. मी तिला अडवलं नाही. म्हटलं, काढू दे. म्हटलं, अजून थोडं निघू दे.”

बोळात कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत गेलं. सुईमावशी जागच्या जागी उभ्या होत्या.

भिंगरीने त्यांचा हात सोडला, बाकाजवळ गेली आणि आईला चिकटून बसली. “आई, मलापण तसंच वाटलं होतं,” ती समजुतीच्या सुरात म्हणाली. “पण तसं नसतं. चल, मी तुला दाखवते, खाली फ्रीजमध्ये आहे सगळं.” आणि तिने आपला पट्ट्या बांधलेला हात आईपुढे केला.

आईने त्या हाताकडे पाहिलं. तिला तो धरवेना.